शत्रूसाठी रक्त

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नोव्हेंबर १९८९चा दुसरा आठवडा म्हटला की कुणालाही बर्लिनची भिंत आठवते. गुरुवारी, ९ तारखेच्या रात्री ती भिंत उघडली आणि अठ्ठावीस वर्षं दोन भागांत कापलेलं एक शहर रस्त्यावर उतरलं. नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेत दूरचित्रवाणीवर एक गोष्ट दाखवली जात होती. तीही एका सीमेचीच गोष्ट होती. फक्त ती सीमा जर्मनीत नव्हती, अंतराळात होती. मालिकेचं नाव ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ आणि त्या भागाचं नाव ‘द एनिमी’, म्हणजे शत्रू.

रविवारच्या सकाळी अंतराळयानाच्या गोष्टी कशाला, असं काही जणांना वाटेल. तर आधी माझं सांगते. मी इंग्रजी मालिका आवडीनं बघणाऱ्यांतली नव्हे. माझी सारी नोकरी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत गेली, समाजसेवा अधीक्षक म्हणून. रक्तदात्यांच्या याद्या ठेवायच्या, शिबिरं भरवायची, रुग्णांच्या नातेवाइकांची समजूत घालायची आणि रात्री-अपरात्री फोन करून ‘येता का?’ म्हणून विचारायचं, हे माझं काम. हा भाग मी पाहिला तो मुलामुळे, प्रसारणानंतर काही वर्षांनी, केबलवर. पाऊण तासाची गोष्ट संपली, मुलगा झोपायला गेला आणि मी मात्र तशीच बसून राहिले. का, ते पुढे सांगेन. आधी गोष्ट आणि तिच्यामागचा इतिहास.

‘एंटरप्राइज’ नावाचं एक मोठं यान आहे. ते पृथ्वी आणि इतर अनेक ग्रहांच्या संघाचं. कप्तान जाँ-लूक पिकार्ड. संघाच्या शेजारी रोम्युलन नावाच्या लोकांचं साम्राज्य आहे आणि दोघांच्या मध्ये एक निर्मनुष्य पट्टा. त्या पट्ट्यात कुणी पाऊल टाकलं तर ती युद्धाची नांदी समजायची, असा करार. या पट्ट्याजवळच्या, संघाच्या हद्दीतल्या एका वादळी ग्रहावरून मदतीची हाक ऐकू येते. तिथे एंटरप्राइजचे लोक उतरतात, तर रोम्युलनांचं एक छोटं यान कोसळलेलं! एक जखमी रोम्युलन त्यांच्या हाती लागतो. त्याला यानावर आणतात. पण वादळाच्या गोंधळात त्यांचा स्वतःचा एक अधिकारी, जॉर्डी ला फोर्ज, खालीच राहून जातो. हा जॉर्डी जन्मांध आहे. डोळ्यांवर लावलेल्या एका यंत्राच्या साह्यानं तो पाहू शकतो.

यानावरच्या डॉक्टर क्रशर जखमीला तपासतात आणि सांगतात, याला वाचवायचं तर दुसऱ्याच्या शरीरातले पेशींचे काही घटक द्यावे लागतील. गोष्टीत त्यांना रायबोसोम म्हटलं आहे. खऱ्या वैद्यकात असं काही चढवत नाहीत, तेव्हा आपण सोयीसाठी रक्तच म्हणू. हे रक्त सगळ्यांचं तपासलं जातं आणि साऱ्या यानावर जुळतं ते एकाच माणसाचं. तो म्हणजे वॉर्फ. वॉर्फ हा क्लिंगॉन वंशाचा अधिकारी. त्याच्या लहानपणी रोम्युलनांनी केलेल्या हल्ल्यात त्याचे आईवडील मारले गेले आहेत. वॉर्फ म्हणतो, नाही देणार.

इकडे त्या जखमीला न्यायला रोम्युलनांची युद्धनौका निघालेली आहे. तिचा सेनापती टोमालाक गोड बोलतो, पण बोलण्याच्या मागे तोफा आहेत. आपला माणूस पिकार्डच्या ताब्यात मेला, तर त्याला निमित्त मिळणार. म्हणजे एका माणसाच्या नकारावर दोन साम्राज्यांचं युद्ध टांगलेलं आहे.

पिकार्ड वॉर्फला बोलावून घेतो. समजावतो, परिस्थितीचं गांभीर्य सांगतो. वॉर्फ म्हणतो, तुम्ही हुकूम केलात तर मी मानीन. आता कुणीही म्हणेल, कर की हुकूम! लष्करी शिस्तीचं यान आहे, युद्ध टाळायचं आहे, एक जीव वाचवायचा आहे. पण पिकार्ड हुकूम करत नाही. तो विनंती करतो. वॉर्फ विनंती नाकारतो. आणि तो जखमी रोम्युलन मरतो.

दूरचित्रवाणीवरच्या मालिकांचा शिरस्ता आपल्याला माहीत आहे. अशा वेळी नायकाचं मन शेवटच्या क्षणी विरघळतं, सुई टोचली जाते, पार्श्वसंगीत वाजतं. इथे तसं काही होत नाही. आणि मालिका वॉर्फला खलनायकही ठरवत नाही. पुढच्या भागात तो नेहमीसारखाच आपल्या जागेवर उभा असतो.

या गोष्टीतले रोम्युलन काही १९८९ साली जन्मलेले नव्हेत. मूळ ‘स्टार ट्रेक’ सप्टेंबर १९६६मध्ये सुरू झालं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ते अनेकांनी पाहिलं असेल. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक त्यातलाच. १५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवलेल्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात रोम्युलन पहिल्यांदा आले. त्या भागाचं नावच शीतयुद्धातल्या शब्दांवर बेतलेलं. दोन्ही बाजूंकडे विध्वंसाची साधनं असल्यामुळे कुणीच हात उचलत नाही, ती दहशतीची समतोल अवस्था. त्यात एक तपशील फार मार्मिक आहे. शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालं, तह झाला, निर्मनुष्य पट्टा आखला गेला. पण सारी बोलणी दुरून संदेशांवरच झाली. दोन्ही बाजूंनी एकमेकांचा चेहरासुद्धा पाहिलेला नव्हता!

त्या काळच्या मालिकेत क्लिंगॉन हेही शत्रूच होते. १९८७मध्ये नवी मालिका सुरू करताना निर्माते जीन रॉडेनबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लिंगॉनांशी मैत्री झाल्याचं दाखवलं आणि एका क्लिंगॉनलाच यानावर अधिकारी केलं. म्हणजे कालचा शत्रू आज आपल्या पंगतीला बसला. पण याच माणसाला त्याचा स्वतःचा शत्रू मात्र क्षमा करण्याजोगा वाटत नाही. तह सरकारं करतात, माणसांच्या मनातले हिशेब तसेच राहतात, हे त्या एका पात्रातून दिसतं.

आता वैद्यकाच्या बाजूला वळू. शत्रूच्या जखमीवर उपचार करावेत का, हा प्रश्न डॉक्टर क्रशरना पडतच नाही. कारण तो आपण बराच आधी सोडवलेला आहे. २४ जून १८५९ला उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. एका दिवसात हजारो सैनिक मेले आणि हजारो जखमी होऊन तसेच पडून राहिले. जिनिव्हाचा एक व्यापारी, आंरी द्युनाँ, आपल्या कामासाठी तिकडे आला होता. त्यानं ते दृश्य पाहिलं. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायका फ्रेंच, इटालियन, ऑस्ट्रियन असा भेद न करता जखमींना पाणी पाजत होत्या, पट्ट्या बांधत होत्या. द्युनाँनं त्यावर पुस्तक लिहिलं, त्यातून रेडक्रॉसची कल्पना निघाली, आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. जखमी सैनिक कोणत्याही देशाचा असो, त्याला उचलायचं आणि त्याची शुश्रूषा करायची, हे तेव्हापासून लेखी बंधन झालं. १९०१मध्ये शांततेचं पहिलं नोबेल पारितोषिक द्युनाँना विभागून मिळालं.

पण नीट पाहा. हे बंधन आहे ते सैन्यांवर, सरकारांवर, डॉक्टरांवर. त्यांनी आपलं कौशल्य, आपली औषधं, आपला वेळ शत्रूला द्यायचा. १८६४मध्ये त्याहून अधिक काही देता येण्याजोगं नव्हतंच. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि रक्तपेढ्या त्याही पुढे आल्या. एका माणसाच्या शरीरातलं काढून दुसऱ्याच्या शरीरात घालणं नेहमीचं झाल्यावर एक नवाच प्रश्न उभा राहिला. डॉक्टरनं द्यायचं ते कर्तव्य. पण तिसऱ्याच माणसानं आपल्या शरीरातून द्यायचं, ते काय? कर्तव्य की दान?

आणि घेणाऱ्याचंही काही म्हणणं असतं. त्या भागात वॉर्फ जखमीजवळ जातो, तेव्हा तो रोम्युलन म्हणतो की क्लिंगॉनाच्या घाणीनं अंग बाटवून घेण्यापेक्षा मी मरेन. हे ऐकून हसू येतं. पण इतिहासात हे घडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकन रेडक्रॉसनं सैन्यासाठी रक्त गोळा करताना कृष्णवर्णीयांचं रक्त आधी नाकारलं. १९४२पासून घेतलं, पण वेगळं ठेवलं. ही वेगवेगळ्या बाटल्यांची पद्धत १९५०पर्यंत चालली. त्यातली विसंगती अशी, की रेडक्रॉसच्या पहिल्या रक्तपेढीचं काम उभं करून देणारे डॉक्टर चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होते. आणि आपण तरी फार दूर कशाला जायचं? ‘रक्त कुणाचं आहे हो, बाई?’ असं खालच्या आवाजात विचारणारे नातेवाईक मी माझ्या टेबलासमोर कितीतरी पाहिले. मी सांगत असे, ‘माणसाचं आहे.’ बरेच जण ओशाळायचे. काही ओशाळायचेसुद्धा नाहीत.

तर, देणाऱ्यावर सक्ती करता येईल का? या प्रश्नाला विसाव्या शतकानं फार मोठी किंमत मोजून उत्तर दिलं. नाझी छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवर न्यूरेम्बर्गला खटला चालला, त्याचा निकाल ऑगस्ट १९४७मध्ये लागला. तेवीस आरोपी होते, त्यांतले बहुतेक डॉक्टर. निकालपत्रात प्रयोगांसाठी दहा अटी घालून दिल्या होत्या आणि त्यांतली पहिली होती ती माणसाच्या स्वेच्छेनं दिलेल्या संमतीची. आरोपींचा एक बचाव असा होता, की यातून आमच्या सैनिकांचे प्राण वाचणार होते, देशाचं भलं होणार होतं. न्यायालयाला तो मान्य झाला नाही. दुसऱ्याचं भलं होणार म्हणून एखाद्याचं शरीर परस्पर वापरता येत नाही.

तरी धडा लगेच गळी उतरला नाही. अमेरिकेतच टस्कीगी इथे सरकारी आरोग्य खात्यानं कृष्णवर्णीय पुरुषांमधल्या उपदंशाचा अभ्यास १९३२ला सुरू केला होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही, आजार कसा वाढतो तेवढं पाहत राहिले. वर्तमानपत्रांतून ते उघडकीला आलं तेव्हा १९७२ साल उजाडलं होतं.

पिकार्डच्या पेचाशी सर्वांत जवळचा खटला मात्र १९७८मधला, पिट्सबर्गचा. एका माणसाला अस्थिमज्जेचा गंभीर आजार होता. त्याच्या एका भावंडाची, म्हणजे चुलत-मावस नात्यातल्या भावाची, मज्जा जुळेल असं पहिल्या तपासणीत दिसलं. भावानं पुढची तपासणी नाकारली. रुग्ण न्यायालयात गेला : माझ्या भावाला मज्जा द्यायला भाग पाडा. न्यायमूर्ती जॉन फ्लॅहर्टी यांनी निकाल दिला की भावाचं हे वागणं नीतीच्या दृष्टीनं समर्थनीय नाही. पण कायद्यानं एका माणसाच्या शरीरात घुसून दुसऱ्यासाठी काही काढून घ्यायला सुरुवात केली, तर ती रेघ कुठे थांबेल? अर्ज फेटाळला गेला. सुमारे दोन आठवड्यांनी तो रुग्ण वारला. त्या न्यायमूर्तींना निकाल देताना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. ‘तू चुकतो आहेस’ असं म्हणायचं आणि तरी ‘तुझ्यावर सक्ती करणार नाही’ असंही म्हणायचं. पिकार्डनं केलं ते नेमकं हेच.

गंमत म्हणजे, जुन्या ‘स्टार ट्रेक’मध्येही रक्ताचा असाच एक पेच येऊन गेला होता. नोव्हेंबर १९६७मधला ‘जर्नी टू बेबल’ हा भाग. यानावर अनेक ग्रहांचे वकील जमले आहेत, एका महत्त्वाच्या परिषदेला निघाले आहेत. त्यांत स्पॉकचे वडील सारेक आहेत. त्यांना हृदयविकार जडतो, शस्त्रक्रियेसाठी त्यांच्या दुर्मीळ गटाचं रक्त हवं आणि ते मुलाकडेच आहे. डॉक्टर मॅककॉय तयार नसतात, कारण रक्त पुरेसं मिळावं म्हणून स्पॉकला एक धोकादायक, प्रयोगावस्थेतलं औषध द्यावं लागणार. स्पॉक मात्र जिवावर उदार होऊन तयार असतो. पण कप्तान कर्कवर चाकूहल्ला होतो, यानाची जबाबदारी स्पॉकवर येते आणि ती सोडून रक्त द्यायला तो नकार देतो. आई विनवते, चिडून त्याच्या थोबाडीतही मारते. शेवटी जखमी कर्कच आपण बरे असल्याचं सोंग करून त्याला सुट्टी देतो. तिथे पेच होता तो दोन कर्तव्यांमधला : मुलाचं की अधिकाऱ्याचं? बावीस वर्षांनंतर प्रश्न बदललेला दिसतो. आता कर्तव्य कोणतं, यापेक्षा हे शरीर कुणाचं, याला महत्त्व आलं. मधल्या काळात टस्कीगी उघडकीला आलं होतं आणि पिट्सबर्गचा निकालही लागला होता. ही मालिका लिहिणारे लोक त्याच जगात राहत होते.

आता माझी गोष्ट. गोष्ट कसली, कबुलीच ती.

१९५२मध्ये मुंबईत, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयात, डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधून काढला. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’सारखं दिसतं. पण ‘ओ’ रक्तात जो एच नावाचा घटक असतो, तोच यात नसतो. त्यामुळे या माणसाला ‘ओ’ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. बॉम्बे गटाचंच लागतं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा असा सापडतो. हा गट आईवडील दोघांकडून येतो, त्यामुळे जुळणारा दुसरा माणूस शोधायचा तर पहिल्यांदा सख्ख्या भावंडांकडे बघतात.

१९९१मधली गोष्ट. आमच्याकडे शस्त्रक्रियेसाठी एक गृहस्थ दाखल झाले. ‘ओ’ म्हणून रक्त जुळवायला घेतलं तर एकही पिशवी जुळेना. आमच्या तंत्रज्ञांनी ओळखलं, हा बॉम्बे गट. वहीत या गटाच्या दात्यांची पाच-सहा नावं होती. एकानं महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं, एक परगावी, एकाला कावीळ होऊन गेलेली, बाकीच्यांचा पत्ता लागेना. रुग्णाच्या बायकोनं सांगितलं, धाकटे दीर आहेत सातारा जिल्ह्यात, पण ते येणार नाहीत. जमिनीवरून दोघा भावांचा दहा-बारा वर्षं दावा चाललेला. बोलणं बंद, येणंजाणं बंद, वडिलांच्या तेराव्यालाही वेगवेगळ्या पंगती.

मी पोलीस पाटलांमार्फत निरोप पाठवला. उत्तर आलं, ‘येत नाही म्हणतो.’ रुग्णाची तब्येत ढासळत होती. तेव्हा मी दुसरा निरोप दिला. म्हटलं, पाटील, त्यांना सांगा, भाऊ दगावला तर त्यांच्यावर गुन्हा दाखल होईल. हे साफ खोटं होतं. असा कोणताही कायदा नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

ते रात्रीच्या एसटीनं आले. तपासणी केली, गट जुळला. खाटेवर आडवे झाले, हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. साडेतीनशे मिलिलिटर रक्त भरायला काही मिनिटंच लागतात, मला ती फार लांब वाटली. चहा-बिस्किटं समोर ठेवली तर त्यांनी हात लावला नाही. जाताना एवढंच म्हणाले, ‘बाई, तुम्ही मागितलं न्हाई. वसूल केलंत.’ भावाला न भेटता ते परत गेले.

रुग्ण वाचला. आपल्या पायांनी चालत घरी गेला. सहकाऱ्यांनी माझं कौतुक केलं, मीही ते करून घेतलं. दोन वर्षांनी एका बाळंतिणीसाठी पुन्हा तोच गट हवा होता. मी त्या धाकट्या भावाला पत्र पाठवलं, मग तारही केली. उत्तर आलं नाही. नशिबानं मुंबईतच दुसरा दाता मिळाला आणि बाई वाचली. पण ते नशीब होतं. वहीत त्यांच्या नावापुढे मी काय लिहायचं? ‘नकार’ लिहिणं खरं झालं नसतं. त्यांनी मला नकार दिलाच नव्हता. मी त्यांना तशी संधीच दिली नव्हती.

म्हणून त्या रात्री मी बसून राहिले होते. पडद्यावर वॉर्फ म्हणत होता, हुकूम करा, मी मानीन. आणि पिकार्ड हुकूम करत नव्हता. माझ्यापुढे एक रुग्ण होता, त्याच्यापुढे एक युद्ध. मला नाही म्हणता आलं नाही, त्याला आलं. त्याचा माणूस मेला, माझा जगला. तेव्हा मी चुकले असं सरळ म्हणायला जीभ वळत नाही. त्या रुग्णाच्या बायकोपुढे उभं राहून तर मुळीच म्हणवणार नाही. पण बरोबर केलं, असंही गेल्या इतक्या वर्षांत स्वतःला पटवता आलेलं नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानंही हळूहळू हाच रस्ता धरला. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा १९९४मध्ये झाला आणि अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर बंदी आली. रक्तपेढ्यांचं आता कसं होणार, अशी आम्हाला धास्ती होती. प्रत्यक्षात महाविद्यालयांत, कारखान्यांत, गणेशोत्सवाच्या मांडवांत शिबिरं वाढली. मागितलं की लोक देतात, याचा मला आलेला तो सर्वांत मोठा अनुभव.

आणि मुत्सद्देगिरीचं काय? युद्ध टाळायला रक्त लागतंच की! खऱ्या शीतयुद्धातही वैद्यकानं मोठी कामगिरी केली, पण ती हुकमानं नव्हे. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस तयार करणारे आल्बर्ट सेबिन अमेरिकन. अमेरिकेत साल्क यांची लस आधीच दिली जात होती, त्यामुळे सेबिन यांच्या लसीची मोठी चाचणी तिथे होणं अवघड होतं. ती झाली सोव्हिएत संघात, १९५९मध्ये, मिखाईल चुमाकोव्ह यांच्या देखरेखीखाली; लक्षावधी मुलांना लस मिळाली. देवीच्या जागतिक निर्मूलनाचा प्रस्ताव जागतिक आरोग्य परिषदेत १९५८ला मांडला तो सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी, आणि १९६७पासूनच्या मोहिमेचं नेतृत्व केलं डी. ए. हेंडरसन या अमेरिकनानं. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेली असतानाच हे चाललं होतं. १९८०मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी अमेरिकेचे बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएत संघाचे येव्हगेनी चाझोव्ह या दोन हृदयरोगतज्ज्ञांच्या पुढाकारानं अणुयुद्धाविरुद्ध डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिला १९८५चं शांततेचं नोबेल मिळालं.

‘द एनिमी’चा शेवट राहिला. त्या वादळी ग्रहावर जॉर्डी एकटा नव्हता. बोक्रा नावाचा आणखी एक रोम्युलन तिथे अडकला होता. आधी तो जॉर्डीला कैद करतो. पण त्या ग्रहाच्या वातावरणाचा शरीरावर परिणाम होत जातो : जॉर्डीची दृष्टी जाते, बोक्राचे पाय निकामी होऊ लागतात. जॉर्डी जन्मांध आहे हे कळल्यावर बोक्रा थक्क होऊन विचारतो, आणि तुझ्या आईवडिलांनी तुला जगू दिलं? त्यांच्याकडे अशी मुलं ठेवत नाहीत. यानावर एक माणूस शत्रूला जगवायचं का म्हणून अडलेला आहे, आणि इथे दुसरा विचारतो आहे की दुबळ्याला जगवायचंच कशाला! पण परतीची खूण शोधायला एकाचे डोळे लागणार असतात आणि दुसऱ्याचे पाय. जॉर्डीच्या कौशल्याला बोक्राचे डोळे जोडले जातात, आणि दोघंही सुटतात.

वर टोमालाकची युद्धनौका तोफा रोखून उभी आहे. या दोघांना उचलून घ्यायचं तर एंटरप्राइजचं संरक्षक कवच खाली करावं लागणार. म्हणजे शत्रूपुढे उघडी छाती. पिकार्ड कवच खाली करतो. बोक्रा यानावर येतो, आपल्या सेनापतीला सांगतो की या माणसानं माझा जीव वाचवला. तोफा वळतात. वॉर्फकडून जे हुकमानं घ्यायचं नाकारलं होतं, त्यावाचूनच युद्ध टळतं. हा लेखकांनी काढलेला सोपा मार्ग आहे, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. खऱ्या आयुष्यात दर वेळी एक बोक्रा मिळत नाही. पिट्सबर्गच्या रुग्णाला मिळाला नाही.

पण त्याच आठवड्यात बर्लिनमध्ये काय झालं ते पाहा. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत घोटाळा केला. प्रवासाचे नवे नियम लगेच लागू आहेत, असं ते बोलून गेले. हजारो लोक सीमेवर लोटले. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर हाराल्ड येगर नावाचा अधिकारी कामावर होता. वरिष्ठांना तो फोन करत राहिला, स्पष्ट हुकूम कुणी देईना. बाहेर गर्दी वाढत होती. हातात बंदुका होत्या. साडेअकराच्या सुमाराला त्यानं आपल्याच जबाबदारीवर फाटक उघडायला सांगितलं.

उघडायचा हुकूम त्याला कुणी दिलेला नव्हता. बाहेरचे लोक मागत होते फक्त. रक्तपेढीतल्या त्या वहीत मी पुढे एक रकाना वाढवला होता, ‘विचारलं का?’ म्हणून. नंतर आलेल्या मुलींना तो कशासाठी आहे ते कळत नसे. त्यांना मी ही हकिगत सांगायची. आज तुम्हाला सांगितली.